घड्याळ ठोके मोजेल, पण मर्यादा कोण ठरवणार?

गेल्या फेब्रुवारीतली सकाळ. पणजीत मिरामारहून कांपालच्या दिशेने बाबा आणि मी चालत होतो. त्यांच्या एन्जिओप्लास्टीला चार महिने झाले होते आणि भावाने घेऊन दिलेले स्मार्टवॉच त्यांच्या मनगटावर होते. बाबांनी सहज हात वर केला, हृदयाच्या ठोक्यांचा आकडा पाहिला आणि जागीच थांबले. ११८. डॉक्टरांनी शंभराच्या आत राहायला सांगितले होते. "हांव बरो आसां, तूं कित्याक भियेता?" (मी बरा आहे, तू का घाबरतेस?) असे मलाच म्हणाले, पण चेहरा त्यांचाच उतरला होता. मी त्यांचे मनगट धरले, अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटे ठेवली आणि फोनवर पंधरा सेकंद लावले. बावीस ठोके. म्हणजे मिनिटाला ८८. घड्याळ अजून ११८ वरच होते, मग एका झटक्यात ८५ वर आले.

हृदयाची गती अशी एका झटक्यात तेहतीस ठोके उतरत नाही. म्हणजे तो आकडा बाबांच्या हृदयाचा नव्हताच. कशाचा होता ते पुढे सांगते.

व्यायाम करता करता कोणी कोसळल्याची बातमी अधूनमधून येते आणि घराघरांत काळजी शिरते. कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार ऑक्टोबर २०२१ मध्ये ४६ व्या वर्षी गेले, तेव्हा व्यायामानंतर अस्वस्थ वाटू लागले एवढेच निमित्त सांगितले गेले. विनोदी कलाकार राजू श्रीवास्तव ऑगस्ट २०२२ मध्ये ट्रेडमिलवर कोसळले. अशा बातमीनंतर काही जण चालणेही बंद करतात आणि काही जण घड्याळ विकत घेतात. पहिला मार्ग नक्की चुकीचा आहे. हृदयविकारानंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने केलेला नियमित व्यायाम पुन्हा इस्पितळात भरती होण्याची वेळ कमी करतो, हृदयविकाराने होणारे मृत्यूही कमी करतो. हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. दुसरा मार्ग बरा, पण घड्याळ कशासाठी आहे ते कळले तरच.

हिरवा दिवा नक्की काय पाहतो

घड्याळ काढून उलटे करा. मागे हिरवा प्रकाश लुकलुकताना दिसेल. रक्त लाल असते आणि लाल वस्तू हिरवा प्रकाश शोषून घेते. प्रत्येक ठोक्यासरशी मनगटातल्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्ताची लाट येते, त्या क्षणी जास्त प्रकाश शोषला जातो आणि कमी परत येतो. घड्याळ ही चढ-उतार मोजते आणि त्यावरून मिनिटाला किती ठोके पडले याचा अंदाज बांधते.

अंदाज हा शब्द मी मुद्दाम वापरला. घड्याळ हृदय पाहत नाही. हृदयापासून हातभर दूर, कातडीखाली पोचलेली लाट ते पाहते. धक्क्यावर उभे राहून फेरीबोटीचे इंजिन ऐकण्यासारखे आहे हे. इंजिन चालू आहे, जोरात आहे की मंद आहे, हे कानाला कळते. तळाला भोक पडले आहे का, डिझेलच्या नळीत कचरा अडकला आहे का, हे धक्क्यावरून कळत नाही. हृदयाच्या रक्तवाहिनीत किती टक्के अडथळा आहे, झडप नीट मिटते का, स्नायू किती जोराने आकुंचन पावतो, यांपैकी काहीही मनगटावर उमटत नाही. त्यासाठी इको, स्ट्रेस टेस्ट, अँजिओग्राफी या इस्पितळातल्या तपासण्या आहेत.

आता त्या ११८ कडे. दुसऱ्या दिवशी मी बाबांची पावले मोजली. त्यांच्या नेहमीच्या झपाझप चालण्यात मिनिटाला ११६ ते १२० पावले पडत होती. घड्याळाचा पट्टा सैल होता. प्रत्येक पावलाबरोबर ते मनगटावर हलत होते, हलले की प्रकाश कमी-जास्त होत होता आणि घड्याळाने पावलांची लय हृदयाची लय म्हणून धरली होती. याला पावलांशी जुळून बसणे म्हणतात आणि ते कोणत्याही किमतीच्या घड्याळात होऊ शकते. पट्टा मनगटाच्या हाडापासून दोन बोटे वर, घसरणार नाही इतका घट्ट बांधल्यावर बाबांचा प्रश्न बराचसा मिटला.

आणखी काही गोष्टी आकडा बिघडवतात. गोंदण, गार पडलेले हात, मूठ आवळून करायचे व्यायाम, म्हणजे वजन उचलणे किंवा सायकलचे हँडल घट्ट धरणे. गती एकदम वाढवली तर घड्याळ काही सेकंद मागे राहते. ज्यांना नेमका आकडा हवा आहे, त्यांनी छातीचा पट्टा घ्यावा. तो हृदयातून निघणारा विजेचा संकेत थेट पकडतो, म्हणून धावताना किंवा सायकलवरही भरवशाचा राहतो. आतली बाजू पाण्याने ओली करून बांधायचा, एवढे लक्षात ठेवा. तो स्वस्त नसतो, पण महागड्या घड्याळापेक्षा अनेकदा स्वस्तच पडतो.

बोटांनी नाडी मोजायला मात्र काहीच पैसे लागत नाहीत. ती प्रत्येक घरात एकाला तरी यायलाच हवी, असे माझे ठाम मत आहे.

'२२० वजा वय' हा हिशेब तुमचा नाही

घड्याळात वय भरले की ते तुमचे झोन, म्हणजे व्यायामाच्या जोराप्रमाणे ठोक्यांचे टप्पे, आखून देते. त्यामागचा हिशेब बहुतेक वेळा सोपा असतो: २२० मधून वय वजा करा, ती तुमची कमाल गती. १९७० च्या आसपास रूढ झालेले हे सूत्र पूर्ण लोकसंख्येची सरासरी आहे. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांची खरी कमाल गती या आकड्यापासून दहा-बारा ठोके इकडे-तिकडे सहज असते, कधी त्याहून जास्तही. शिंप्याने गावातल्या सगळ्या पुरुषांच्या मापाची सरासरी काढून एकच सदरा शिवावा, तसे हे आहे.

हृदयाचा त्रास असलेल्यांसाठी तर सूत्र आणखी निकामी होते. कारण गोळ्या. मेटोप्रोलोल, बिसोप्रोलोल, एटेनोलोल ही नावे तुमच्या औषधांच्या पाकिटावर असतील, तर ते बीटा-ब्लॉकर आहेत. अॅड्रिनलिनने हृदयाला मारलेली टाच ही औषधे सौम्य करतात. ठोके विश्रांतीतही कमी आणि श्रमातही कमी. हा दोष नाही, औषध द्यायचे एक कारणच ते आहे.

बाबांचे उदाहरण घ्या. वय ६४, म्हणजे सूत्राप्रमाणे कमाल १५६. घड्याळ त्यांना १०९ ते १२५ मध्ये चाला म्हणजे दम वाढेल असे सुचवत होते आणि ८८ ठोक्यांवर चालणाऱ्या बाबांना 'वॉर्मअप' म्हणून हिणवत होते. प्रत्यक्षात स्ट्रेस टेस्टमध्ये, गोळी घेतलेली असताना, ते दमून थांबले तेव्हा गती होती १२६. घड्याळ ज्याला मध्यम म्हणत होते, ती त्यांची जवळजवळ शेवटची हद्द होती. घड्याळाचे ऐकून 'अजून थोडे' करत राहिले असते तर ते रोज आपल्या टोकापर्यंत गेले असते. मला सगळ्यात जास्त काळजी या गोष्टीची वाटते.

मग स्वतःचा आकडा कुठून आणायचा

इस्पितळातून. स्ट्रेस टेस्ट, जिला आपण टीएमटी म्हणतो, त्यात छातीला तारा लावून सरकत्या पट्ट्यावर चालवतात आणि नेहमीच्या पद्धतीत दर तीन मिनिटांनी वेग व चढ वाढवतात. किती ठोक्यांवर ईसीजी बदलतो, छातीत दाटते का, रक्तदाब कसा वागतो, हे तिथे दिसते. एखाद्याला १२० वर ईसीजीत बदल दिसला तर डॉक्टर साधारण दहा ठोके खाली, म्हणजे ११० च्या आत राहायला सांगतात. तो आकडा फक्त त्याचा. शेजाऱ्याचा नव्हे, व्याह्यांचा नव्हे.

काही बिघाड दिसला नाही तर दुसरा हिशेब लावतात. फिनलंडचे शास्त्रज्ञ कार्वोनेन यांनी १९५७ मध्ये मांडलेला. टेस्टमधल्या कमाल गतीतून विश्रांतीची गती वजा करायची, उरेल ती तुमच्या हृदयाची शिल्लक. शिल्लकीचे ४० ते ६० टक्के विश्रांतीच्या गतीत मिळवायचे. बाबांची विश्रांतीची गती ५८, कमाल १२६, शिल्लक ६८. चाळीस टक्के म्हणजे २७, साठ टक्के म्हणजे ४१. म्हणून ८५ ते ९९. डॉक्टरांनी सांगितलेले 'शंभराच्या आत' इथून आले होते. मिरामारच्या त्या सकाळी ८८ वर बाबा अगदी योग्य ठिकाणी होते.

टेस्टला जाताना रोजची गोळी घ्यायची की नाही, हे आधी विचारून घ्या. निदानासाठी टेस्ट असेल तर कधीकधी गोळी थांबवतात. व्यायामाची हद्द ठरवायची असेल तर ती घेऊनच करावी लागते, कारण तुम्ही चालणार आहात ते गोळी घेऊनच. आणि पुढे डोस बदलला की जुना आकडा बाद.

अजून टेस्ट झालेली नाही, नुकतेच घरी आलात, अशा वेळी सुरुवातीला विश्रांतीच्या गतीपेक्षा २० ते ३० ठोके जास्त, त्यापुढे नाही, असा बेताचा नियम डॉक्टर देतात. तोही त्यांनाच विचारून. विश्रांतीची गती सकाळी जाग आल्यावर अंथरुणातच मोजायची, चहा घेऊन नव्हे.

आपल्या हवेत आकडा का फुगतो

एप्रिलमध्ये बाबा कोड्यात पडले. तीच वाट, तोच वेग, पण वीस मिनिटांनंतर ठोके शंभरापलीकडे. पट्टा घट्ट होता, बोटांनी मोजले तरी तेवढेच. या वेळी घड्याळ खरे बोलत होते.

आपल्याकडे हवेत इतका दमटपणा असतो की घाम येतो पण वाळत नाही. शरीर थंड करण्यासाठी रक्त कातडीकडे वळवावे लागते, घामावाटे पाणी जाते, रक्ताचे आकारमान थोडे घटते. मग प्रत्येक ठोक्यात कमी रक्त बाहेर पडते आणि तेवढाच पुरवठा करायला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. वेग न वाढवताही गती दहा-पंधरा ठोक्यांनी सहज चढते. अशा दिवशी हद्द तीच ठेवायची, वेग उतरवायचा. 'ऊन आहे म्हणून आकडा वाढला, चालायचे' असे म्हणून पुढे जायचे नाही, कारण निमित्त काहीही असो, हृदयावर ओझे खरेच पडलेले असते.

फातोर्ड्याजवळ किंवा गावच्या मैदानावर संध्याकाळी चाळिशी-पन्नाशीतले लोक फुटबॉल खेळताना दिसतात. त्यांना हे विशेष सांगावेसे वाटते. फुटबॉलमध्ये गती एका लयीत राहत नाही, अचानक धाव, अचानक थांबा. घड्याळ नेमके अशाच वेळी मागे पडते. शिगम्यातल्या रोमटामेळात ढोलाच्या तालावर तासभर नाचणे किंवा पारोड्याला चंद्रेश्वर भूतनाथाचा डोंगर चढणे हेही हृदयाच्या दृष्टीने जोरदार व्यायामच आहेत, आपण त्यांना व्यायाम म्हणत नाही एवढेच.

"आकडा हद्दीत आहे, म्हणजे काळजी नाही ना?"

नाही, असे नाही. आणि या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

छातीत दाटणे, जबडा किंवा डावा हात भरून येणे, न झेपणारा दम, गरगरणे, थंड घाम, छातीत फडफड. यांपैकी काही झाले तर घड्याळ ९० दाखवो की ७०, थांबायचे आणि बसायचे. जिभेखालची गोळी डॉक्टरांनी दिलेली असेल तर बसूनच, सांगितल्याप्रमाणे घ्यायची. पाच मिनिटांत उतरले नाही, किंवा सुरुवातीपासूनच घाम आणि दम सोबत असेल, तर १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवायची. स्वतः गाडी चालवत निघायचे नाही. हृदयविकाराच्या झटक्यासाठीच्या स्टेमी-गोवा योजनेत जिल्हा इस्पितळांत आणि काही आरोग्य केंद्रांत काढलेला ईसीजी बांबोळीला गोमेकॉतल्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजातल्या, हृदयरोगतज्ज्ञांकडे जातो आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जवळच्या केंद्रातच देता येते. वाचणारा वेळ म्हणजे वाचणारा हृदयाचा स्नायू. बायकांना आणि मधुमेहींना अनेकदा छातीत दुखत नाही, नुसता थकवा, मळमळ, दम एवढेच होते. आईच्या वयाच्या कितीतरी जणी ते पित्त म्हणून सोसतात, म्हणून मुद्दाम लिहिते.

हृदयविकाराचा झटका आणि हृदय बंद पडणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हेही इथेच सांगते. झटक्यात हृदयाला रक्त पुरवणारी नळी तुंबते, माणूस बहुधा शुद्धीवर असतो. हृदय बंद पडते तेव्हा विजेची लय विस्कटते, माणूस क्षणात कोसळतो. १२ जून २०२१ ला कोपनहेगनमध्ये डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन मैदानातच पडला, ते आपल्यापैकी अनेकांनी टीव्हीवर पाहिले. त्याला छाती दाबून आणि विजेचा धक्का देऊन लगेच परत आणले म्हणून तो वाचला. अशा वेळी शेजारच्याचे दोन हात लागतात, घड्याळ नाही.

आकड्याशिवाय चालणारी एक जुनी कसोटी आहे. चालताना सोबतच्याशी गजाली करता आल्या पाहिजेत. पूर्ण वाक्य बोलता येते पण आरती म्हणता येत नाही, तो मध्यम श्रम. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, तिथे वेग जास्त झाला. घड्याळ आणि ही कसोटी यांचे पटले नाही तर जे सावध राहायला सांगते त्याचे ऐका.

"पण माझ्या घड्याळात ईसीजी आहे"

चांगली सोय आहे, पण तिचे काम निराळे. दुसऱ्या हाताचे बोट घड्याळाला लावले की दोन हातांमधून हृदयाचा विजेचा आलेख निघतो, साधारण तीस सेकंदांचा. इस्पितळातला ईसीजी हृदयाकडे बारा बाजूंनी पाहतो, हा एकाच बाजूने. त्यामुळे झटका आला आहे की नाही हे तो सांगू शकत नाही, आणि 'सामान्य' असा निकाल आला म्हणून छातीतले दुखणे अंगावर काढायचे नाही. शिवाय तो स्थिर बसून काढायचा असतो, चालताना नाही.

त्याचा खरा उपयोग आहे एट्रियल फिब्रिलेशन ओळखायला. हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात, ठोके बेताल पडतात आणि आत गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका वाढतो, ती ही स्थिती. अॅपल हार्ट स्टडी या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चार लाख एकोणीस हजारांहून अधिक लोक होते. त्यांतल्या जेमतेम अर्ध्या टक्क्याला बेताल नाडीची सूचना आली. ज्यांनी नंतर छातीवर ईसीजी नोंदवणारी पट्टी लावून तपासणी केली, त्यांच्यापैकी ३४ टक्क्यांत ही स्थिती सापडली. बाकीच्यांची सूचना खोटीच होती असेही नाही, कारण हा त्रास येऊन-जाऊन असतो. सूचना आली तर आलेख जपून ठेवा आणि दाखवा, मनाने गोळ्या सुरू करू नका, एवढा त्याचा अर्थ. आणि ज्यांना हा त्रास आधीच आहे, त्यांच्या बाबतीत हिरव्या प्रकाशाचा आकडा बराच चुकतो, कारण काही ठोके मनगटापर्यंत पोचतच नाहीत.

"सारखे पाहून भीतीच वाढते"

वाढते, खरे आहे. बाबा महिनाभर जेवतानाही मनगट पाहत होते. भीतीने ठोके वाढतात, वाढलेले ठोके पाहून भीती वाढते. आम्ही घरात ठरवले: घड्याळ चालायला जाताना बांधायचे, आल्यावर काढायचे. वरची हद्द ओलांडली की कंपन होईल अशी सूचना लावली, त्यामुळे दर मिनिटाला पाहायची गरज उरली नाही. घड्याळाने आखलेले झोन पुसून डॉक्टरांचे आकडे भरले. ही सोय बहुतेक घड्याळांत असते आणि फारच थोडे लोक ती वापरतात.

पेसमेकर किंवा लय बिघडल्यास हृदयाला विजेचा धक्का देणारे यंत्र छातीत बसवलेले असेल तर घड्याळाचे चुंबकी चार्जर आणि पट्टे त्या जागेपासून किमान १५ सेंटीमीटर दूर ठेवा. शरीरातली चरबी मोजणारी सोय, ज्यात अंगातून सूक्ष्म वीज जाते, ती वापरू नका. धक्का देणारे यंत्र किती ठोक्यांवर जागे होते तो आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्या. व्यायामात त्याच्या किमान दहा ठोके खाली राहायचे असते.

दाखवताना काय दाखवायचे

ओपीडीत कोणाही डॉक्टरकडे तीन महिन्यांचे आलेख पाहायला वेळ नसतो. बाबांनी साधी वही केली. तारीख, वेळ, कुठे चाललो, किती मिनिटे, सगळ्यात जास्त ठोके किती, आणि शेवटच्या रकान्यात कसे वाटले. चालण्याच्या आधी आणि नंतर पाच-दहा मिनिटे हळू चालायचे, तेही त्यात लिहिलेले. एकदम थांबले तर रक्त पायात साचून गरगरते, म्हणून. ताप असलेल्या दिवशी त्यांनी रेघ मारली आहे, तापात व्यायाम नाही.

जूनमधल्या भेटीत डॉक्टरांनी वही दोन मिनिटांत चाळली. एप्रिल-मेच्या संध्याकाळी शंभरापलीकडे गेलेल्या सहा नोंदी त्यांनी पेनाने गोल केल्या, त्या दिवशी पाणी किती प्यायला ते विचारले आणि पुढच्या उन्हाळ्यात संध्याकाळऐवजी सकाळी सातच्या आत चालून या म्हणाले. पावसात बाहेर पडणे कठीण, तेव्हा घरातल्या पडवीत दोन वेळा पंधरा-पंधरा मिनिटे चालले तरी चालेल का, असे बाबांनी विचारले. चालेल म्हणाले. पडवी अकरा पावलांची आहे. प्रत्येक वळणावर वेग कमी होतो, म्हणून तिथे ठोके नव्वदच्या वर जातच नाहीत, असे बाबांनी वहीत लिहिले आहे.